लाल गोळीची परीक्षा

"केकवाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि चहाचा कप इतक्या जोरात बशीत ठेवला की अर्धा चहा बशीत आला. "म्हणजे मी खाली बसून लोकांचे दात वाचवायचे आणि जावयाने पलीकडच्या चौकात बसून ते किडवायचे?"

"आई, तो फक्त केक करतो. लोकांच्या तोंडात कोंबत नाही," मुलगी म्हणाली.

"दिवसभर क्रीम चाखत असेल."

"चाखावं लागतंच. कामच आहे त्याचं."

"झालं तर मग!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बशीतला चहा परत कपात ओतू लागल्या.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. जिन्यात कोणी भेटलं तर त्या आधी त्याचे दात बघत आणि मग, वेळ उरला तर, चेहरा. शेजारची बाई आजारातून उठली तेव्हा सगळे तिला 'किती वाळलीस गं' म्हणाले, डॉक्टरीणबाई 'हिरड्या सुधारल्या' म्हणाल्या. त्यांचे यजमान हवामान खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी लोकांना उद्या काय होणार ते सांगितलं आणि बरेचदा ते झालं नाही. घरातलं हवामान मात्र त्यांना अचूक कळे. आत्ताही त्यांनी वर्तमानपत्र उघडून डोक्याच्या वर धरलं होतं.

"अहो, तुम्ही काहीतरी बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मुलगा चांगला आहे असं ऐकलंय," वर्तमानपत्र म्हणालं.

"चांगला आहे की नाही ते गोळी सांगेल."

मुलीने डोळे मिटून घेतले. गोळीचं नाव निघणार हे तिला माहीतच होतं.

ही गोळी म्हणजे बोराच्या बीएवढी लाल गोळी. ती चावायची, लाळेबरोबर तोंडभर फिरवायची, मग थुंकून चूळ भरायची. दातांवर जंतूंचा जो चिकट थर साचतो, त्याला डॉक्टरीणबाई प्लाक म्हणत आणि अगदी शिवी दिल्यासारखं म्हणत. एरवी तो डोळ्यांना दिसत नाही. गोळी चावली की जिथे जिथे थर असेल तिथे तिथे लाल रंग चिकटून बसतो आणि घासलेली जागा पांढरी राहते. मी रोज दोनदा घासतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची या गोळीपुढे दातखीळ बसत असे. घरात जो कोणी जवळचा होऊ पाहील त्याने गोळी चावायची, हा डॉक्टरीणबाईंचा नियम होता. नळ दुरुस्त करणारा सुद्धा त्यातून सुटला नव्हता. तो आता नळाचं काम दुसऱ्याला पाठवतो.

याआधी मुलीसाठी बँकेतला एक जण आला होता. देखणा, शांत, उंच. त्याने गोळी चावली आणि त्याच्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाल भडक पट्टा उमटला. "जो माणूस कोणाला दिसत नाही तिथे घासत नाही, तो संसारात काय दिवे लावणार?" असं डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडावर म्हणाल्या. त्याच्या तोंडात तेव्हा आरसा होता, त्यामुळे त्याला उत्तरही देता आलं नाही. तो गेला तो गेलाच. नंतर महिनाभर मुलगी आईशी 'हो', 'नाही' आणि 'वाढ' एवढंच बोलत होती.

"पुढच्या महिन्यात एका रविवारी येऊ दे त्याला," डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला. "पास झाला तर माझी ना नाही. पण लाल निघाला तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

मुलीने केकवाल्याची तयारी सुरू केली. ती दुकान बंद झाल्यावर मागच्या मोरीपाशी त्याच्या शेजारी उभी राहायची. केकवाल्याचे हात पीठ फेटून फेटून दणकट झालेले. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन ब्रशांचे केस झाडूसारखे वाकवले.

"अरे, दात घासतोयस की कढई?" ती ओरडायची. "हलक्या हाताने. ब्रश तिरका धर. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे. थर तिथेच लपतो."

"इतकं हलकं घासून निघेल का तो?"

"आजचा आजच निघतो. राहू दिलास तर दगड होतो. त्याला कीटण म्हणतात. मग तो ब्रशने निघत नाही, खरवडावा लागतो."

केकवाल्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या क्रीमच्या नळ्यांसारखंच की! रात्री धुतल्या तर बोटाने साफ होतात. सकाळपर्यंत ठेवल्या की सुरी घेऊन बसावं लागतं."

"बरोबर. आणि दातांसाठी सुरी घेऊन माझी आई बसते."

"आई नको," केकवाला म्हणाला आणि दातांच्या फटींतून फिरवायचा दोरा त्याने मुकाट्याने उचलला. त्यानंतर त्याने एकही दिवस चुकवला नाही. क्रीम चाखलं की लगेच चूळ भरायचा. गिऱ्हाइकाशी बोलताबोलता मागे जाऊन चूळ भरून यायचा, त्यामुळे लोकांना वाटू लागलं की याला आपलाच केक आवडत नाही.

इकडे यजमानांना वेगळीच काळजी लागली होती. मुलगा त्यांना मनापासून आवडला होता. त्यांच्या वाढदिवसाला मुलीने जो केक चोरून आणून गच्चीवर खाऊ घातला होता, तो याच्याच हातचा होता. त्या केकची आठवण निघाली की ते गच्चीच्या दाराकडे बघून सुस्कारा सोडत. असा मुलगा केवळ दाढेमागच्या एका लाल ठिपक्यापायी हातचा जावा, हे त्यांना पटत नव्हतं.

आणि उपाय त्यांच्या हाताशीच होता. डॉक्टरीणबाईंच्या घरात साखर फक्त चहात, आणि तीही मोजून. म्हणून यजमानांनी तपासणीच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली, लेबलासकट, उचलून आणली होती आणि तिच्यात चेरीच्या स्वादाच्या गोड लाल गोळ्या भरून ठेवल्या होत्या. अगदी तोच रंग, तोच आकार. अशा गोळ्या मिळेपर्यंत त्यांनी बाजारातली दुकानं पालथी घातली होती. ही बाटली त्यांच्या खोलीत ढगांवरच्या जाडजूड पुस्तकांमागे असे. ढगांची पुस्तकं या घरात दुसरं कोणी उघडत नव्हतं. तरी बाटली जरा लवकरच रिकामी व्हायची. त्यांचा संशय मुलीवर होता, पण चोरून ठेवलेला खाऊ चोरीला गेला म्हणून तक्रार करायची तरी कोणाकडे?

ठरलेल्या रविवारी डॉक्टरीणबाई दुपारी आडव्या झाल्या आणि यजमान चपला न घालता दवाखान्यात उतरले. तपासणीच्या ताटलीतली खरी बाटली त्यांनी उचलली आणि तिथे चेरीची ठेवली. खरी बाटली वर नेऊन ढगांच्या मागे दडवली. दात कितीही मळके असोत, चेरीच्या गोळीने कोणी लाल निघणार नव्हता. उभ्या आयुष्यात आपला हा एक अंदाज तरी शंभर टक्के खरा ठरणार, असं मनाशी म्हणत ते समाधानाने खुर्चीत डुलक्या घेऊ लागले.

संध्याकाळी केकवाला आला. पांढराशुभ्र शर्ट, चोपून बसवलेले केस. हात हलवत कसं जायचं, आणि केक तर नेता येत नाही, म्हणून त्याने गाजरं आणली होती. बांधायला दुसरं काही नसल्यामुळे त्याने त्या जुडीला केकच्या खोक्याची सोनेरी फीत बांधली होती, फुलासकट.

"काकू, तुमच्यासाठी," तो म्हणाला. "दातांना चांगली असतात."

डॉक्टरीणबाईंनी गाजरं उलटसुलट करून पाहिली. फितीच्या फुलाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "चला खाली," त्या म्हणाल्या. "आज तो जिमवाला पेशंटही यायचाय. गाल सुजलाय त्याचा. तीनदा वेळ घेतली आणि तीनदा पळाला. तो यायच्या आत आपलं उरकून घेऊ."

सगळे दवाखान्यात उतरले. दिवा लागला. डॉक्टरीणबाईंनी ताटली पुढे ओढली आणि एकदम म्हणाल्या, "चष्मा वर राहिला वाटतं माझा. आलेच." ताटली हातात घेऊनच त्या वर गेल्या. बराच वेळ लागला. परत आल्या तेव्हा चष्मा डोक्यावर होता. तो मघाशीही तिथेच होता असं मुलीला वाटलं खरं, पण तिचं सगळं लक्ष केकवाल्याकडे होतं.

केकवाल्याने गोळी हातात घेतली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. यजमानांना त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर चेरीही आठवली.

"मी म्हणतो, पाहुण्याला एकट्याला का शिक्षा?" ते म्हणाले. "आपण सगळेच घेऊ या. मला तीन दे. मी जरा कसून तपासून घेतो."

मुलीला वाटलं, आता बाबांचं काही खरं नाही. पण डॉक्टरीणबाई चक्क हसल्या. "हरकत नाही. मीही घेते एक."

मुलगी बघतच राहिली. आईने स्वतः गोळी चावलेली तिने जन्मात पाहिली नव्हती.

चौघांनी गोळ्या तोंडात टाकल्या. यजमानांनी तिन्ही कडाकड चावल्या आणि चेरीची वाट बघू लागले. चेरी आलीच नाही. आलं ते औषधी, खडूसारखं काहीतरी. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं, तर डॉक्टरीणबाईंचाही जबडा चावताचावता अर्ध्यावरच थांबला होता आणि त्याही डोळे विस्फारून यजमानांकडेच बघत होत्या. पकडलं हिने आपल्याला, यजमानांना वाटलं. त्या धास्तीने त्यांना ठसका लागला. तीन गोळ्यांचा तो ठसका. केकवाल्याचा पांढरा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाला.

"बाबा!" मुलगी ओरडली. तिच्याही हनुवटीवरून लाल ओघळ आला.

नेमकं तेव्हाच दवाखान्याचं दार उघडून जिमवाला आत आला. दारात मावत नाही असा देह, दंडावर शर्ट फाटायला आलेला, आणि सुजलेल्या गालाला रुमाल बांधलेला. सकाळपासून आरशात बघून त्याने स्वतःला धीर दिला होता. आत आल्यावर त्याने पाहिलं ते असं: एक म्हातारे गृहस्थ खुर्चीला धरून लाल थुंकत आहेत, एका तरुणाचा शर्ट लालेलाल आहे, एक मुलगी त्याला पुसते आहे, आणि स्वतः डॉक्टर, ओठ लाल, दात लाल, हातात लखलखीत हत्यार घेऊन त्याच्याकडे बघून हसत आहेत.

"या, या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत होते."

जिमवाल्याने 'अगं आई गं' एवढंच म्हटलं आणि धूम ठोकली.

"अरे, पकडा त्याला!" डॉक्टरीणबाई कळवळून ओरडल्या. "हिरडीत पू झालाय. आज नाही आला तर पुन्हा कधीच यायचा नाही!"

केकवाला वाऱ्यासारखा सुटला. होणाऱ्या सासूने सांगितलेलं पहिलंच काम. पण आपण कसे दिसतोय याचं त्याला भान नव्हतं. रक्ताळलेल्यासारख्या तोंडाने तो भर रस्त्यात ओरडत होता, "अहो थांबा! अजिबात दुखणार नाही!" आणि ते ऐकून जिमवाला आणखी जोरात पळत होता. एका बाईने मुलाला उचलून घेतलं. सायकलवाला सायकल सोडून बाजूला झाला. शेवटी जिमवाला कोपऱ्यावरच्या लाँड्रीत घुसला, इस्त्रीवाल्याला उचलून बाहेर ठेवलं आणि आतून शटर ओढून घेतलं.

केकवाला धापा टाकत शटरबाहेर पायरीवर बसला.

"अहो, रंग आहे हो हा. गोळीचा. दातांवरचा थर दिसावा म्हणून."

"सगळ्यांच्याच?" आतून आवाज आला. "डॉक्टरांच्या सुद्धा?"

"सगळ्यांनीच खाल्ली. काकांनी तर तीन खाल्ल्या."

"मला भीती वाटते," जिमवाला आतून म्हणाला. "शंभर किलो उचलतो मी. पण ती खुर्ची मागे जायला लागली की संपलो."

"मलाही वाटते की! मी तर तिथे मुलगी मागायला आलोय."

शटरमागून प्रश्न आला, "कोणाची मुलगी?"

"डॉक्टरीणबाईंची."

शटर हळूहळू वर गेलं. जिमवाल्याने केकवाल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुझ्यापुढे माझी दाढ म्हणजे काहीच नाही बाबा. चल, मी येतो तुझ्याबरोबर."

दोघे परत आले तेव्हा जिमवाल्याने केकवाल्याचा हात घट्ट धरला होता आणि कोण कोणाला आणतोय ते कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, हिरडी बधिर केली आणि कामाला लागल्या. केकवाला खुर्चीशेजारी उभा राहून त्याला आपल्या केकच्या गोष्टी सांगत होता. तीन मजली केक गाडीतून नेताना वरचा मजला कसा मांडीत आला वगैरे. जिमवाल्याला हसताना हलू नका म्हणून दोनदा सांगावं लागलं. दाढ काढायची वेळच आली नाही. हिरडीखाली कीटण साचून दगड झालं होतं, ते डॉक्टरीणबाईंनी खरवडून काढलं, पू मोकळा केला, आणि जिमवाला अर्ध्या तोंडाने म्हणाला, "झालं? एवढंच?"

"एवढंच. वेळच्या वेळी ब्रश नीट फिरवला असता तर एवढंही नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि केकवाल्याकडे वळल्या. "आता तू. बस."

जिमवाल्याने घरी जायचं नाव घेतलं नाही. तो खुर्ची रिकामी करून भिंतीला टेकून उभा राहिला. यजमान मुलीचा हात धरून उभे होते. केकवाल्याने आ केला. डॉक्टरीणबाईंचा आरसा वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरू लागला. पुढचे दात, मागचे दात, खालच्या दातांच्या आतली बाजू. ओठ लाल, जीभ लाल, पण दात पांढरे. डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर चढत गेल्या. मग आरसा एका जागी थांबला.

"वरच्या शेवटच्या दाढेमागे," त्या म्हणाल्या. "एक ठिपका. तिळाएवढा."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. महिनाभर त्या मोरीपाशी उभं राहून काय मिळवलं, तर तीळभर ठिपका. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. तिने पुढे होऊन आईच्या हातातला आरसाच काढून घेतला.

"नियम म्हणजे नियम ना, आई? मग तूही गोळी खाल्लीयेस. बस इथे."

"अगं, माझं काय बघायचंय?"

"आ कर. मोठा. आणखी मोठा. मान हलवायची नाही."

पंचवीस वर्षं लोकांना जे सांगितलं ते स्वतःला ऐकावं लागल्याने डॉक्टरीणबाई इतक्या गोंधळल्या की त्यांनी खरोखरच आ केला. मुलीने दिवा वळवला, वाकून पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली.

"खालच्या पुढच्या दातांच्या मागे," ती म्हणाली. "लाल भडक पट्टा. बँकवाल्याच्या होता तिथेच. त्याच्यापेक्षा जाड."

यजमानांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

"म्हंजे डॉक्टल नापाश?" जिमवाल्याने बधिर जिभेने अगदी निरागसपणे विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. ते काढायला त्यांना बराच वेळ लागला. मग केकवाल्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या दाढेपाशी तुझा ब्रश पोचत नाही. तोंड जरा मिटून घासायचं, म्हणजे गालाला जागा होते. आणि दर रविवारी येऊन मला दाखवायचं."

केकवाल्याचा चेहरा पडला. "दर रविवारी तपासणी, काकू?"

"तपासणी कसली मेली. जेवायला ये. एवढी गाजरं आम्ही तिघं कधी संपवणार?"

मुलीने आईला मिठी मारली आणि आईच्या पांढऱ्या कोटावर एक लाल डाग पडला. जिमवाल्याने डोळे पुसले आणि बधिर गालावर पुसल्याचं न कळल्यामुळे पुन्हा पुसले.

पाहुणे गेले. मुलगी केकवाल्याला सोडायला म्हणून जी गेली ती परत यायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाई आणि यजमान बेसिनपाशी शेजारी शेजारी उभे राहून तोंडाचा रंग घासून काढत होते.

"एक सांगू का?" यजमान ब्रश बाजूला करून म्हणाले. आज घरात ऊन पडलं आहे तेवढ्यात सांगून टाकावं असं त्यांना वाटलं. "बाटली मी बदलली होती. पोरगा पास व्हावा म्हणून ताटलीत चेरीच्या गोळ्या ठेवल्या होत्या. पण त्या खऱ्या कशा निघाल्या देव जाणे."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "तुम्ही बदललीत? दुपारी?"

"हो."

"अहो, काय हे! मीही बदलली ना!"

"तू?"

"चष्म्याच्या निमित्ताने वर गेले आणि ताटलीतली बाटली तुमच्या ढगांमागे ठेवून तिथली खाली आणली. म्हणजे तुम्ही चेरीची खाली ठेवलीत आणि मी ती परत वर नेली." त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "गेल्या वेळी पोरगी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही हो. नुसती वाटी पुढे सरकवायची आणि मान खाली. मला नाही सहन झालं ते. पण नियम मोडते म्हणायचीही लाज वाटली."

यजमानांना भरून आलं. इतक्या वर्षांत आपल्याला या हवामानाचा काही पत्ताच लागला नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी आली.

"पण अगं," ते म्हणाले, "ढगांमागच्या बाटलीत चेरीच्या गोळ्या आहेत, हे तुला कसं कळलं?"

डॉक्टरीणबाईंनी ब्रश पटकन तोंडात घातला.

"आणि ती बाटली इतकी लवकर कशी काय संपते?"

डॉक्टरीणबाईंनी फेसाने भरलेल्या तोंडाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "दोन मिनिटं व्हायचीत अजून," त्या फेसातून म्हणाल्या. "घासताना बोलू नये."

आणि ब्रश उभा धरून त्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे अतिशय मन लावून घासू लागल्या. यजमान घड्याळाकडे बघत थांबले. दोन मिनिटं झाली. चार झाली. डॉक्टरीणबाई घासतच राहिल्या.